पावसाची नोंद आणि विजेचा हिशेब

पाऊस आणि वीज यांचा संबंध आपल्या घरी एवढाच, की पाऊस आला म्हणजे वीज गेली! पण हा संबंध याहून मोठा आहे, आणि विद्यार्थ्यांना तो शाळेतच कळावा असे आम्हाला वाटते.

वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. बॅटरीत साठते ती थोडीच. बाकीची लागेल त्या क्षणीच तयार व्हावी लागते. म्हणून दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून कोणत्या भागात किती वीज लागेल, याचा अंदाज आदल्या दिवशीच बांधतात. आपल्या राज्याचे हे काम जबलपूरच्या भारप्रेषण केंद्रातून चालते. समजा, धानाला पावसाची ओढ बसली आहे, किरनापुर-लांजीकडचे सगळे पंप सुरू आहेत आणि दुपारी जोराची सर आली. पंप बंद, कूलर बंद. मागणी एकदम उतरते. पण कोळशाचे केंद्र चुलीसारखे पाणी ओतून विझवता येत नाही. रीवाच्या ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पावर ढग आले, तर अडचण नेमकी उलटी.

२०१२ च्या जुलैत पावसाने दडी मारली होती. उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. ३० आणि ३१ तारखेला आपल्याच राज्यातील बीना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली. पहिल्या दिवशी उत्तरेचे, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे जाळे कोसळले. आपला पश्चिम विभाग मात्र वाचला.

जवळचे उदाहरण पेंच नदीवरील तोतलाडोहचे. तेथील १६० मेगावॅट वीज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र २:१ या प्रमाणात वाटून घेतात. खाली सुटणारे पाणी नागपूरला पिण्यासाठी आणि शेतीसाठी जाते. पुढे पाऊस कसा पडेल याचा अंदाज नसेल, तर आज पाणी सोडावे की राखावे, हे ठरवायचे कशावर?

आमचे म्हणणे असे, की हवामानाची जी माहिती मोठ्या केंद्रांच्या कामी येते, तीच पाहून गावातील थ्री फेजचे तासही ठरावेत. वादळाचा इशारा असलेल्या रात्री शेतकऱ्याला चिखलातून मोटर सुरू करायला जावे लागू नये. हा प्रश्न सोयीचा नाही, जिवाचा आहे. पालकांनी ग्रामसभेत तो जरूर मांडावा.

आणि शाळेने? विश्वस्त मंडळाने मैदानात, झाडांपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावा. खर्च फारसा नाही. आठवीच्या मुलांनी रोज सकाळी साडेआठला मिलिमीटर वाचावेत आणि फाटकाजवळच्या फळ्यावर लिहावेत. शेजारी हवामान खात्याचा अंदाजही लिहावा, म्हणजे तो किती खरा ठरला तेही मुलांना कळेल. सुट्ट्यांत नोंद कोण घेणार, हे मात्र पालकांनी आताच ठरवावे. वळवाचा पाऊस नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो.