सदऱ्यावरील विनोद

गेल्या पंधरवड्यात बँकेतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध रोखपाल तपासणीसाठी आले होते. सोबत संगणक-अभियंता असलेला मुलगा होता. त्याच्या टी-शर्टवरील इंग्रजी वाक्याचा अर्थ असा : ‘जगात 10 प्रकारची माणसे असतात, द्विमान पद्धती समजणारी आणि न समजणारी.’

“दहा म्हणतोस आणि दोनच मोजतोस. हिशेब जुळत नाही,” आजोबा गंभीरपणे म्हणाले.

मुलाने समजावले : द्विमान पद्धतीत शून्य आणि एक हे दोनच अंक असतात, म्हणून तेथे दोन ही संख्या ‘10’ अशी लिहितात. हिशेब जुळताच आजोबा मनमोकळे हसले आणि असे आणखी सदरे आहेत का, असे विचारू लागले. एकावर ‘127.0.0.1 सारखी दुसरी जागा नाही’ असे आहे म्हणे. हा संगणकाचा स्वतःकडेच निर्देश करणारा पत्ता. म्हणजे आपले घर ते आपले घर! दुसऱ्यावर ‘खा, झोपा, कोड लिहा, पुन्हा तेच’ असे असून त्यातील ‘झोपा’ हा शब्द खोडलेला आहे.

आजोबांचे हसू येथे थांबले. “तू किती झोपतोस रे?”

उत्तर आले, “चार-पाच तास.” अमेरिकेतील सहकाऱ्यांशी बैठका रात्री उशिरापर्यंत चालतात. नंतर वडील लघवीसाठी दोन-तीनदा उठतात; ते पडू नयेत म्हणून हाही उठतो. मग दिवसभर कॉफीचा आधार.

मी गोळ्यांच्या वेळा विचारल्या. रक्तदाबासाठी दिलेली, लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी सकाळी घ्यायची होती. परंतु विसर पडू नये म्हणून आजोबा सगळ्या गोळ्या रात्री एकदमच घेत. ती पुन्हा सकाळी घेण्यास सांगितले. वाचकांनी मात्र अशा गोळीची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी. रात्री वारंवार लघवी होण्यामागे मधुमेह, प्रोस्टेटची वाढ अशी अन्य कारणेही असू शकतात.

मुलालाही दोन शब्द सांगितले. प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप हवी. कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कॉफीचा बराच अंश रात्री अकरालाही अंगात असतो. दुपारनंतर कॉफी टाळावी आणि रात्रीच्या शुश्रूषेच्या पाळ्या घरातील इतरांशी वाटून घ्याव्यात. शुश्रूषा करणाऱ्याचे जागरण हाही घरातला आजारच होय.

आठवड्याने दूरध्वनी आला. आजोबा आता रात्री एकदाच उठतात.

ज्येष्ठहो, मुलांच्या सदऱ्यावरील वाक्य कळले नाही, तर अवश्य विचारा. जे ती तोंडाने सांगत नाहीत, ते कधी कधी छातीवर लिहिलेले असते.