रक्ताचे खाते

एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो, तेव्हाची ही 2004 सालची गोष्ट. आमचा शिपाई 36 वर्षांचा, हसतमुख गडी. एकदा म्हणाला, "साहेब, अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च होतंय." हातपाय वाळलेले, पोट मात्र डावीकडून पुढे आलेले. पानथरी वाढली, असे गावानेच ठरवून टाकले. कुणी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, कुणी लोहाच्या. मीही 'जरा दगदग कमी कर' म्हणून मोकळा झालो. आठ महिने गेले. जिल्ह्याच्या गावी रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी 2 लाखांवर! त्या असाव्यात 4 ते 11 हजार. आजाराचे नाव निघाले क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग.

पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीच्या आसपास आणि पुष्कळदा नेहमीच्या रक्ततपासणीत अवचित सापडतो; माणसाला त्रासही सुरू झालेला नसतो. आपल्याकडे रुग्ण बहुतेक पस्तिशी-चाळिशीतला, घरचा कर्ता. तो डॉक्टरांपुढे येतो तेव्हा पानथरी बेंबीपर्यंत पोचलेली असते. हिवतापानेही ती वाढते, म्हणून फसगत होते. शिवाय दुखत नाही तोवर मजुरी बुडवून तपासायला जातो कोण?

खात्यात अचानक रक्कम फुगली की आम्ही बँकवाले खूश होत नाही, चौकशी करतो. रक्ताच्या खात्यालाही हाच नियम लावायला हवा. थकवा, घटते वजन, रात्रीचा घाम, डाव्या कुशीतला जडपणा असेल तर रक्तातील सर्व पेशींची मोजणी करून घ्यावी. तिला काहीशे रुपये लागतात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ती झालीच पाहिजे आणि डॉक्टरांचा हात रुग्णाच्या पोटावर पडलाच पाहिजे.

कारण या आजारावर औषध आहे. त्यामागचा गुणसूत्रातला दोष 1960 साली फिलाडेल्फियात दिसला. 2001 साली इमॅटिनिबची गोळी आली. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचे पेटंट नाकारले आणि स्वस्त देशी गोळीची वाट मोकळी राहिली. पण निदानच उशिरा झाले, आजार पुढच्या टप्प्यात गेला, तर तिचा गुणही कमी येतो.

आमचा शिपाई वाचला. मदत योजनेतून त्याला गोळी मिळाली. आजही तो ती चुकवत नाही. भेटला की "साहेब, दोन भाकरी खातो," असे सांगतो. मी हसतो. पण ते आठ महिने माझ्या नावे पडले आहेत, ते काही फिटत नाहीत.