अक्षरांचा शोध, अर्थाचा बोध

शब्दखेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा विरंगुळा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधण्याच्या खेळांकडे तर मराठी माध्यमात शिकलेली मंडळी ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून दुरूनच पाहतात. त्यातच आता भ्रमणध्वनीवर अक्षरे टाकताच त्यांपासून होणाऱ्या सर्व शब्दांची यादी क्षणार्धात समोर येते. मग स्वतः डोके शिणवावेच कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. माझ्या मते मात्र हा शोध आजही अत्यंत मोलाचा आहे आणि तो आपल्यासारख्यांसाठी अधिकच आहे.

या खेळांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे स्क्रॅबल. 1930 च्या दशकातील महामंदीत काम गमावलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने तो रचला. वृत्तपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने मोजले आणि त्या हिशेबावर अक्षरांची संख्या व गुण ठरविले. एकूण 100 सोंगट्यांपैकी ‘ई’च्या 12, तर ‘क्यू’ आणि ‘झेड’ची प्रत्येकी एकच. ‘ई’ला 1 गुण, ‘क्यू’ व ‘झेड’ला 10. जे दुर्मिळ ते महाग, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्वच या पटावर मांडलेले आहे. म्हणूनच ‘चेक’ या आपल्या नित्याच्या शब्दाला ब्रिटिश वर्णलेखनात ‘क्यू’मुळे 20 गुण मिळतात, तर अमेरिकी वर्णलेखनात केवळ 16.

मराठी माणसाला या शोधात एक विशेष अडचण येते, आणि खरा लाभही तिच्यातच दडलेला आहे. आपली लिपी उच्चारानुसारी. शब्द आठवताना आपण कानाचा आधार घेतो. ‘के’ हे अक्षर असलेले शब्द सांगा म्हटले, की ‘किंग’, ‘काइट’ लगेच सुचतात; परंतु ‘नाइफ’, ‘नी’, ‘नॉट’ या शब्दांच्या आरंभी मूक ‘के’ उभा आहे, हे कान कधीच सांगणार नाही. तेथे डोळ्यांनीच शोधावे लागते. ‘ऱ्हिदम’सारख्या शब्दात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नाही, हेही लिहून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. अक्षरांचा शोध आपल्याला इंग्रजी शब्दाकडे नव्याने पाहावयास लावतो.

पाहिले की प्रश्न पडतो, आणि प्रश्नातून ज्ञान मिळते. आपल्याच व्यवसायातील दोन शब्द घ्या. ऋण या अर्थाच्या ‘डेट’ शब्दात ‘बी’ कशासाठी? हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. पुढे पंडितांनी मूळ लॅटिन शब्दाचे स्मरण ठेवून तो घातला. उच्चार मात्र पूर्वीचाच राहिला. त्याच लॅटिन मुळापासून आलेल्या ‘डेबिट’मध्ये तो ‘बी’ स्पष्ट ऐकू येतो. ‘रिसीट’मधील मूक ‘पी’ची कथाही अशीच. खातेवहीच्या डाव्या बाजूचा ‘डेबिट’ आणि कर्जाचा ‘डेट’ हे एकाच कुळातील आहेत, हे ज्याला एकदा उमगले तो त्यांचे वर्णलेखन जन्मभर चुकणार नाही.

आणखी एक गोष्ट आत्मविश्वास देणारी आहे. ‘यू’शिवाय ‘क्यू’ असलेले शब्द शोधू लागलो की ‘फकीर’, ‘तलाक’, ‘कव्वाली’ असे ओळखीचे चेहरे इंग्रजी कोशातून डोकावतात. ‘लाख’, ‘करोड’, ‘पैसा’, ‘धोतर’ यांची इंग्रजी रूपेही तेथे नांदत आहेत. आपला ‘सराफ’ मूळ अरबीतून आला. तोच इंग्रजीत ‘श्रॉफ’ होऊन बसला आहे आणि स्क्रॅबलमध्ये 15 गुण मिळवून देतो. इंग्रजी ही परक्याची मिरास आहे, हा न्यूनगंड अशा शोधाने जेवढा ओसरतो तेवढा उपदेशाने ओसरत नाही.

अर्थ न जाणता केवळ अक्षरे पाठ करूनही जिंकता येते, हे खरे. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे आणि 2024 मध्ये स्पॅनिश स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळविले. त्यांच्या स्मरणशक्तीला वंदनच केले पाहिजे. परंतु तुम्हा-आम्हाला विजेतेपद नको आहे, भाषा हवी आहे. अर्थाविना शब्द आपल्या पत्रात उतरत नाही, ग्राहकाशी बोलताना ओठांवर येत नाही.

यास्तव शब्दशोधक साधनांवर बहिष्कार घालावा, असे मी म्हणणार नाही. आकडेमोड स्वतः करावी आणि मग यंत्रावर ताळा पाहावा, हीच रीत येथेही योग्य ठरेल. खेळ चालू असताना साधन दूर ठेवावे. ‘टीआयओएन’, ‘आयएनजी’ यांसारखे शेवट वेगळे काढून उरलेल्या अक्षरांची जुळणी करावी. डाव संपल्यावर यादी उघडावी, निसटलेले शब्द पाहावेत आणि त्यांतील निदान दोन शब्दांचे अर्थ कोशात शोधून वहीत टिपावेत. यंत्राने आधीच दिलेले उत्तर डाव जिंकून देईल. पण शोधण्याची सवय मात्र हिरावून घेईल.

वाचकहो, रोज दोन शब्द म्हणजे वर्षाला सातशे तीस. अल्पबचतीचे महत्त्व आपल्या बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. आज रात्री दूरचित्रवाणी अर्धा तास बंद ठेवून मुलांसमवेत हे खाते उघडावे, एवढीच विनंती.