बाजारातील अदृश्य वही

बंगळूर शहराच्या उत्तरेस असलेले येलहंका हे गाव त्या शहराहूनही जुने आहे. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास बंगळूर वसविले, तेव्हा त्याच्या घराण्याची सत्ता येलहंक्यास नांदत होती. आज हे गाव महानगरात सामावले असून, तेथील भाजीच्या गाडीवर तराजूशेजारी काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे एक चित्र दिसते.

या चित्राची युक्ती जपानात १९९४ साली निघाली. त्यात पैसा नसतो. विक्रेत्याच्या खात्याचा पत्ता तेवढा असतो. ग्राहकाचा फोन तो पत्ता वाचतो, ग्राहक आपला गुप्त अंक देतो, आणि २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय या व्यवस्थेमार्फत रक्कम क्षणार्धात विक्रेत्याच्या खात्यात जमा होते. ऑगस्ट २०२३ या एका महिन्यात देशात असे एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. सुट्या पैशांची अडचण सरली, ही सोय लहान नव्हे.

परंतु प्रत्येक व्यवहारागणिक एक नोंदही मागे राहते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने अशा नोंदींच्या आधारे हजारो लहान विक्रेत्यांना नोटिसा पाठविल्या. तेव्हा बंगळुरातील कित्येक दुकानदारांनी ते चित्र उतरवून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. वस्तुतः ताज्या भाजीवर वस्तू व सेवा कर नाही. पण यंत्राच्या वहीत रक्कम दिसते, टोपलीतील माल दिसत नाही. नोंदणी करणाऱ्यांकडून मागील थकबाकी घेतली जाणार नाही, असे पुढे त्याच महिन्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी जाहीर केले.

कर देणे हे नागरिकाचे कर्तव्यच होय. तथापि नोंद म्हणजे पुरावा, निर्णय नव्हे. आकड्यावरून मागणी करण्यापूर्वी माणसाला विचारले पाहिजे, आणि नियम त्याच्या भाषेत आधीच समजावून दिला पाहिजे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या हक्काचे मोल विद्वानाइतकेच भाजीवाल्यालाही आहे. ज्या वहीत आपला दिवस लिहिला जातो, ती कोण वाचतो हे जाणण्याचा अधिकार प्रत्येकास असावा. तरच हे यंत्र शहराचे सेवक राहील.