स्वस्त तिकिटाची वेळही स्वस्त काय?

मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास उडते. या हिशोबाने प्रवास तासाभरात संपावयास हवा. परंतु वेळापत्रकात साधारण दीड तास असतो. जादा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात आणि मुंबईच्या आकाशात घिरट्या घालण्यात जातो. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत.

वेळापत्रकातील या वेळेला कायद्यानेही मोल दिले आहे. विमान कंपनीने वेळेत पूर्वसूचना न देता, पर्यायी सोयही न करता उड्डाण रद्द केले, तर एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी कमी असेल ती भरपाई नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. अडीच तासांपर्यंतचे उड्डाण दोन तास लांबले, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करावयाची. खराब हवामानासारखी कारणे असल्यास भरपाई नाही; तरीही उशिराची किंमत कागदावर आहे.

आता खाली जमिनीवर या. हेच अंतर लोहमार्गाने ८३७ किलोमीटर, म्हणजे अख्खी रात्र. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि प्रवाशाने प्रवासच केला नाही, तर आरक्षित तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. परंतु ज्याला जाणे भागच आहे, तो फलाटावर बसून राहतो. त्याच्या बुडालेल्या मजुरीचा, हुकलेल्या मुलाखतीचा, चुकलेल्या कोर्टाच्या तारखेचा ठरलेला दर कोणत्याच नियमात नाही.

६ डिसेंबरला नागपूरहून चैत्यभूमीकडे येणारा आपला समाज याच गाड्यांनी, बहुतांशी अनारक्षित डब्यातून येतो. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे, याचा अभिमान आहेच. परंतु 'एक व्यक्ती, एक मूल्य' हे तत्त्व विमानतळाच्या फाटकाशी थांबणार काय?

रेल्वेचे भाडे कमी, म्हणून भरपाई कशाला, असे कोणी म्हणेल. भाडे कमी असेल तर भरपाईची रक्कम कमी ठेवा; परंतु हक्कच शून्य ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये गाडीच्या उशिरामुळे विमान चुकलेल्या प्रवाशाची भरपाई कायम केली. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेने सिद्ध करावे, असे न्यायालयाने बजावले. तेथे चुकलेल्या विमानाचे तिकीट पुराव्याला होते. बुडालेल्या रोजीचे तिकीट कोण देणार?

म्हणून मागणी सरळ आहे: रेल्वेच्या उशिरालाही तासाप्रमाणे निश्चित भरपाईचा नियम करा आणि त्यात अनारक्षित प्रवासी धरा. तोवर आपणही जागे राहू. तिकीट जपून ठेवावे, गाडीची वेळ लिहून ठेवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कायद्यात हक्क असतो तो मागणाऱ्यासाठी. गप्प बसणाऱ्याची रात्र फलाटावरच जाते.