यात्रेचे बोचके आणि धुण्याचा पिळा

दिवाळी सरली की आमच्या माहुलमध्ये जिन्यात, पाण्याच्या रांगेत आणि रविवारी विहारात एकच विषय असतो : यंदा यात्रेला कोण कोण निघणार? हप्त्याहप्त्याने पैसे साठवलेले असतात. कोणी भिशी उचललेली असते, कोणाच्या मुलाने पहिल्या बोनसातून आईचे नाव नोंदवलेले असते. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गाडीत बसायचे, पुढे बसने बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती आणि सारनाथ करून परतायचे. जाणे-येणे धरून चौदा दिवस.

तिकीट, रजा, घराची किल्ली कोणाकडे ठेवायची, या सर्वांची चर्चा चारचौघांत होते. कपडे किती घ्यायचे याची मात्र होत नाही. तो प्रश्न निघायच्या आदल्या रात्री घरातल्या बाईने एकटीने सोडवायचा, असा जणू अलिखित ठराव आहे. ती चौघांचे चार-चार जोड पिशवीत कोंबते आणि म्हणते, "तिकडे गेल्यावर धुऊन काढू." आमचा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

धुऊन काढू म्हणजे कोण धुणार? बस रात्री आठ-नऊला मुक्कामी पोचते. पुरुष मंडळी पाय मोकळे करायला चहाच्या टपरीकडे जातात, मुले पेंगत असतात, आणि बायका बादली शोधत नळावर रांग लावतात. पाणी बोटे बधिर करणारे. बुद्धगयेचे महाबोधी महाविहार पहाटे पाचला उघडते आणि रात्री नऊला बंद होते. बहुतेक यात्रांच्या वाट्याला तिथे एक दिवस, फार तर दीड दिवस येतो. त्यातली संध्याकाळ, म्हणजे बोधिवृक्षापाशी निवांत बसायची वेळ, निवासाच्या गच्चीवर साड्या पिळण्यात जाते. बुद्धगयेच्या मुक्कामातला नळ कोणत्या कोपऱ्यात होता हे नेमके सांगू शकतील, अशा कितीतरी मावश्या आमच्या ओळखीच्या आहेत.

बरे, धुतलेले वाळते का? यात्रेचा हंगाम थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत गयेकडे रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली सहज जातो, आणि उत्तर प्रदेश-बिहारच्या मैदानात धुके असे पडते की दिवसदिवस ऊन दिसत नाही. रेल्वेगाड्या दहा-दहा तास उशिरा धावतात त्या याच धुक्यामुळे. अशा हवेत रात्री पिळून टाकलेला परकर पहाटे पाचला तसाच ओला हाती येतो. मग तो प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बसच्या टपावर, आणि दोन दिवसांनी उघडली की कुबट वास. ओलसर बनियन अंगात घालून मुले शिंकत परत येतात. माहुलच्या हवेने आधीच छाती धरलेल्या म्हाताऱ्या माणसांना हा खेळ परवडणारा नाही.

कपडे किती असावेत, हा प्रश्न याच रस्त्यावर अडीच हजार वर्षांपूर्वी निघाला होता. विनयपिटकाच्या महावग्गात ती हकिगत आहे. भगवान बुद्ध राजगृहाहून वैशालीला चालले असता त्यांना वाटेत भिक्खू दिसले. कोणाच्या डोक्यावर चीवरांची वळकटी, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेवर. इतके गाठोडे! आता मर्यादा घातली पाहिजे, असे त्यांच्या मनात आले. पण मर्यादा किती, हे त्यांनी अंदाजाने ठरवले नाही. वैशालीच्या गौतमक चैत्यापाशी कडाक्याच्या थंडीत ते रात्रभर उघड्यावर बसले. आधी अंगावर एकच चीवर होते. रात्रीचा पहिला प्रहर सरताना थंडी वाजली तेव्हा दुसरे घेतले, मधला सरताना तिसरे, आणि उजाडता उजाडता चौथे. त्यानंतर तीन चीवरांची मुभा दिली : दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक. आम्ही कारकून माणूस, लगेच बेरीज केली. दोन, एक आणि एक मिळून चार पदर होतात. म्हणजे रात्रभर स्वतःच्या अंगावर जे मोजले, त्याच्याशी हिशेब तंतोतंत जुळतो.

आपल्याला तीन चीवरांत भागवायचे नाही. आपण संसारी माणसे. परंतु मोजून ठरवायचे आणि थंडीला एका जाड कोटाऐवजी पदरावर पदर चढवायचे, या दोन गोष्टी सरळ उचलण्यासारख्या आहेत. मुंबईच्या माणसाकडे गरम कपडा नसतोच. मग तो निघण्यापूर्वी रस्त्यावरून एक जाडजूड जाकीट घेतो. ते दुपारी काढून हातात धरावे लागते, आणि चार दिवसांत त्याची कॉलर काळी होते. त्यापेक्षा आत सुती बनियन, वर शर्ट किंवा पोलके, त्यावर साधा स्वेटर, त्यावर शाल. घाम टिपतो तो सर्वांत आतला कपडा. तो रोज बदलला की वरचे तीन पदर मळत नाहीत. न धुता चौदा दिवस काढण्याची सारी युक्ती एवढीच आहे : अंगाला चिकटणारे भरपूर घ्या, वरचे थोडे घ्या. आपल्या घरोघरी होते ते नेमके उलटे. साड्या आठ आणि आतले कपडे चार!

आता एका बाईचा हिशेब मांडू. प्रवासाला सिंथेटिक साड्या घेतल्या तर एकेक साधारण ४०० ग्रॅमची. अशा पाच, प्रत्येक साडी दोन-तीन दिवस, म्हणजे २ किलो. पोलकी सात, कारण काखेत घाम येतो तो पोलक्याला, साडीला नाही. त्यांचे ७०० ग्रॅम. परकर चार, १ किलो. आतले कपडे चौदाही दिवसांचे वेगळे, सगळे मिळून १ किलो. स्वेटर ५०० ग्रॅम, शाल ४०० ग्रॅम, पायमोज्यांचे सात जोड ३५० ग्रॅम. जाड टॉवेल वाळत नाही म्हणून पातळ पंचा, २०० ग्रॅम. वंदनेची पांढरी साडी पोलक्यासह ६०० ग्रॅम. एकूण ६ किलो ७५० ग्रॅम. पुरुषाचा आकडा याहून कमीच : पँटी तीन, शर्ट सहा, रात्रीचा लेंगा एक, बनियन-चड्ड्या चौदा-चौदा. जीनची पँट मात्र घरी ठेवावी. एकटीच पाऊण किलोची, आणि भिजली तर वाळायचे नाव नाही. स्लीपर डब्यात प्रत्येक प्रवाशाला ४० किलोपर्यंत सामान बिनपैशाने नेता येते. सात किलोला घाबरायचे कारण काय?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चौघांच्या घराने निम्मे कपडे नेले तर वजन दहा-बारा किलोंनी कमी होईल, हे खरे. पण मग दर तिसऱ्या दिवशी धुणे आले. चौदा दिवसांत चार वेळा, दर वेळी दीड तास धरला तर सहा तास झाले. ते सहा तास कोणाच्या खात्यावर पडतात, हे वाचकांना सांगायला नको. प्रत्येकाच्या खांद्यावरचे तीन किलो वाचवायचे आणि ते सगळे एका बाईच्या हातांवर टाकायचे, हा जमाखर्च आम्हाला मान्य नाही. तेव्हा प्रत्येकाची पिशवी वेगळी असावी आणि ज्याची त्याने उचलावी. दहा वर्षांच्या मुलालाही त्याची पिशवी पेलते.

यावर आमच्या ज्येष्ठ भगिनी विचारतात, "दादा, तीच साडी तीन दिवस? लोक काय म्हणतील?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आपल्या आज्यांना पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, आणि वर त्यांनाच मळके म्हटले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घ्यावे लागले ते याच कारणाने. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांना मुद्दाम सांगितले होते, की कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण तो स्वच्छ असावा. ती शिकवण आपल्या आयाबायांनी अशी उचलली की शंभर वर्षे होत आली, घरातले धुणे एक दिवस चुकलेले नाही. कारखान्यातून, झाडूकामावरून येऊन रात्री अकराला धुणे धुणाऱ्या बाया आम्ही लहानपणापासून पाहिल्या. त्या धुण्यामागे एक जिद्द होती, तिला आमचा नमस्कार आहे. परंतु घामाचा कपडा रोज बदलणारी बाई मळकी नव्हे. वरची साडी रात्री खुर्चीवर किंवा खुंटीला पसरून टाकावी, तिला वारा लागला की ती सकाळी नेसण्याजोगी असते. ठिगळाची लाज बाळगायची नाही असे सांगणाऱ्याने चुरगळलेल्या निऱ्यांना नाव ठेवले नसते, असे आम्हाला वाटते.

पांढऱ्या कपड्यांची गोष्ट निराळी. वंदनेला पांढरे हवे, आणि बसच्या प्रवासात पांढऱ्याइतके लवकर काही मळत नाही. कित्येकजण पहिल्या दिवसापासून पांढऱ्यात निघतात आणि इटारसी येईपर्यंत कॉलर करडी झालेली असते. पांढरा जोड वेगळ्या पिशवीत, जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून ठेवावा. बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी, सारनाथ या चार ठिकाणी वंदनेपुरता दोन-तीन तास अंगात घालावा, बसमध्ये चढण्यापूर्वी बदलावा. एक जोड चारही ठिकाणी पुरतो. वंदनेची साडी सुतीच असू द्यावी. मेणबत्त्यांच्या ओळीसमोर सिंथेटिक पदर वाऱ्याने उडाला तर पेटायला वेळ लागत नाही आणि पेटलेला अंगाला चिकटतो. प्रवासाला सिंथेटिक, मेणबत्तीपाशी सुती, ही खूणगाठ बांधून ठेवा.

भगिनींसाठी आणखी एक, ज्याबद्दल घरात कुजबुजतच बोलले जाते. पाळीची तारीख यात्रेत येत असेल तर दुकानातले पॅड हिशेबाने जास्तच घ्यावेत. जुने कापड धुऊन वापरायचे तर ते कडक उन्हात वाळले पाहिजे, आणि ऊन तर तिथे नाही. ओलसर कापडाने जंतुसंसर्ग होतो. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारावे. आणि पाळीत वंदना चालते का, असे कोणी विचारले तर सरळ हो म्हणावे.

लहान मुलांना मात्र आमचे गणित लागू नाही. ती सांडतात, उलट्या करतात, चिखलात बसतात. पाच वर्षांखालील मुलाला दिवसाला दोन जोड धरावेत, आणि एखादे धुणे पडले तर ते बापाने पिळावे.

भरण्याची पद्धत आम्हाला एका गिरणी कामगाराच्या बायकोने दाखवली, ती आम्ही दरवर्षी सांगतो. एका दिवसाचे आतले कपडे, बनियन आणि मोजे एकत्र ठेवून घट्ट वळकटी करायची आणि जुन्या नाडीने बांधायची. अशा चौदा वळकट्या. पहाटे चारला, दिवे गेलेले असताना, हात घालून एक काढली की त्या दिवसाचे काम झाले. सगळी पिशवी उपसावी लागत नाही. मळलेल्यासाठी तांदळाची रिकामी गोणी घ्यावी, तिला हवा लागते. प्लास्टिकची पिशवी नको. जशा वळकट्या कमी होतात तशी गोणी भरते, वजन तेवढेच राहते, आणि परतीची पिशवी बांधायला पाच मिनिटे पुरतात.

राहिला परतीचा डोंगर. चौघांचे चौदा दिवसांचे कपडे, २२५ चौरस फुटांची खोली, ठराविक वेळेचे पाणी, आणि दाटीवाटीच्या इमारतींत खालच्या मजल्यांच्या खिडक्यांना न लागणारे ऊन. विद्याविहार-घाटकोपरकडची तानसा जलवाहिनीलगतची घरे तुटून २०१७ मध्ये इकडे आलेल्या कुटुंबांना हे सांगायला नको. एका दिवसात सगळे भिजवण्याची हौस करू नये. पहिल्या दिवशी आतले कपडे आणि मुलांचे, दुसऱ्या दिवशी पोलकी आणि शर्ट, नंतर साड्या-परकर, शेवटी स्वेटर आणि शाली. पाणी भरायला एकाने, पिळायला दुसऱ्याने, दोरीवर घालायला तिसऱ्याने लागावे. चौदा दिवस गोणीत बसलेल्या कपड्यांना आणखी चार दिवसांनी काही होत नाही.

यंदा ज्यांनी नावे नोंदवली आहेत त्यांनी निघण्यापूर्वीच्या रविवारी आपापली भरलेली पिशवी घेऊन विहारात यावे. धान्याच्या दुकानदाराने तासाभरासाठी वजनकाटा देण्याचे कबूल केले आहे. प्रत्येकाची पिशवी प्रत्येकाच्या हाताने काट्यावर ठेवली जाईल. बायकोने नवऱ्याची आणून ठेवलेली चालणार नाही.