उपनगरातली गाडी द्राक्षमळ्यात येते, पण बागायतदाराच्या पदरात काय?

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की शनिवारी सकाळी मुंबई उपनगरांतून नाशिककडे गाड्यांची रीघ लागते. मुलुंड-घाटकोपरची मंडळी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने निघतात, अंधेरीची जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने आणि बोरिवलीची घोडबंदर रोडने. माजिवड्याला सगळे एकत्र येतात आणि पुढे भिवंडी बायपास. मुलुंडहून नाशिक साधारण दीडशे किलोमीटर. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाटातली कोंडीही टळली. सकाळी नाश्ता करून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला द्राक्षमळ्यात असतो.

पूर्वी नाशिकला यायचं ते काळाराम, त्र्यंबकेश्वर, वणीच्या दर्शनाला. आता त्यात वाईनरीची भर पडली आहे. सुला कंपनीने १९९७ च्या सुमारास गंगापूर धरणाजवळ वाईनची द्राक्षं लावली, २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली आणि २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली. त्यानंतर गंगाव्हरे, दिंडोरी, इगतपुरी तालुक्यातलं सांजेगाव, कावनई परिसर असा हा पट्टा वाढत गेला. पाहुणे येतात, मळ्यात फोटो काढतात, पायाने द्राक्षं तुडवतात, चव घेतात, मुक्काम करतात. हॉटेलवाला, गाडीवाला, कामाला लागलेली गावची पोरं, सगळ्यांना चार पैसे मिळतात. हे नाकारून चालणार नाही.

प्रश्न आहे तो द्राक्ष पिकवणाऱ्याचा.

बाटलीत द्राक्ष किती?

७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्ष लागतं. बाटली हजाराच्या आसपास विकली गेली, तरी शेतकऱ्याचा किलोचा दर दोन आकडीच असतो. आता बाटली, लेबल, साठवण, कर, दुकानदाराचं कमिशन हा खर्च वाईनरीला असतोच, त्यामुळे सगळा फरक कंपनीच्या खिशात जातो असं म्हणणं बरोबर नाही. पण पर्यटकाने मळ्यात येऊन मोजलेले पैसे, म्हणजे टेस्टिंगची फी, जेवणाचं बिल, खोलीचं भाडं, यात करारावरच्या बागायतदाराचा वाटा नसतो. त्याचा संबंध वजनकाट्यापुरता आणि साखरेच्या ब्रिक्सपुरता.

शिवाय अडचण अशी की वाईनची द्राक्षं बाजारात चालत नाहीत. शेनिन ब्लांक, शिराझ, कॅबर्ने या जातींचे मणी बारीक, साल जाड, आत बी. थॉमसन किंवा सोनाका दर पडला तर बेदाण्याला तरी घालता येतं. इथे वाईनरीने माल उचलला नाही तर दुसरं गिऱ्हाईक शोधायचं कुठे?

हे एकदा घडून गेलं आहे. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाईन पार्क झालं, एकामागून एक वाईनरी उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनीही लागवड केली. २००८ नंतर मंदी आली, वाईन पडून राहिली, माल उचलला जाईना. अनेकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

डोंगरावरचं सांसेर

फ्रान्समध्ये लोआर नदीजवळ टेकडीवर सांसेर नावाचं गाव आहे. चहूबाजूंच्या उतारावर द्राक्षवेली. तिथल्या पांढऱ्या वाईनला १९३६ पासून गावाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण आहे. ठरलेल्या हद्दीबाहेरच्या द्राक्षाला ते नाव लावता येत नाही. मुख्य म्हणजे तिथली बरीच कुटुंबं स्वतः पिकवतात, स्वतः वाईन करतात आणि आलेल्या पाहुण्याला स्वतःच्याच तळघरातून विकतात. ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांच्यासाठी सहकारी संस्था आहे. पाहुण्याचा पैसा थेट वेल राखणाऱ्याच्या घरात जातो.

‘नाशिक व्हॅली वाईन’लाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण आपल्याकडे गिऱ्हाईक गावाचं नाव घेत नाही, कंपनीचं घेतं. आणि दूध-साखरेत सहकार उभा करणाऱ्या महाराष्ट्रात वाईनमध्ये मात्र बहुतेक बागायतदार पुरवठादारच राहिला. परवाने, यंत्रं आणि वर्षानुवर्षं अडकणारं भांडवल एकट्याला झेपणारं नाही, हेही खरं.

शेतकऱ्याच्या नावाने

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. कारण सांगितलं ते शेतकऱ्याच्या फायद्याचं. विरोधी पक्ष, अण्णा हजारे यांनी कडाडून विरोध केला आणि निर्णय अंमलात आलाच नाही. दारूबद्दलची गावातली भीती खोटी नाही, घरं उद्ध्वस्त झालेली लोकांनी पाहिली आहेत. पण त्या सगळ्या वादात, विक्री वाढली तर द्राक्षाचा दर किती वाढेल, याचं उत्तर दोन्ही बाजूंनी दिलं नाही. वाईन उद्योगाला व्हॅटचा परतावा मिळतो तोही वाईनरीला. त्यातलं बागेपर्यंत किती झिरपतं ते करारावर ठरतं.

म्हणून करार हाच कळीचा मुद्दा. दर किती वर्षांसाठी बांधलेला आहे, ब्रिक्स कोणासमोर मोजणार, पैसे किती दिवसांत, माल उचलला नाही तर भरपाई काय, हे सही करण्याआधी वाचून घ्यायला हवं. पाऊस आला, डावणी पडली, तर तोटा कोणाचा, हेही.

दुसरा रस्ता पर्यटनाचा. २०२० पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. मुक्काम, पिठलं-भाकरी, द्राक्षाचा रस, बेदाणे, छाटणी दाखवणं, यातलं कशालाच वाईनचा परवाना लागत नाही. चार-पाच शेजारी बागायतदार एकत्र आले तर भांडवलही विभागलं जातं.

अंधेरी-मुलुंडची गाडी तालुक्यात येतेच आहे, रस्ताही झाला आहे. ती वाईनरीच्या फाटकातूनच परत फिरते की पुढच्या बांधावरही थांबते, यावर बागायतदाराचा हिशोब अवलंबून आहे.